आत माणूस असताना

…नाही नाही, ते नको. त्याला अजून हात लावू नको. त्या लाल बटणाचं झाकण उघडायचं ते फक्त — सांगतो, सगळं सांगतो, तू आधी बस. ती खुर्ची घे. ही माझी नको, हिचा एक पाय हलतो, सवय लागते. हं. धुळ्याला तू कशावर होतीस म्हणालीस, दिपमाला — पावडर कोटिंगच्या भट्टीवर? दोनशे डिग्री? मग तुला उष्णतेचं काय नवीन. पण ती भट्टी नुसती तापते, बेटा. ही तापते आणि हिच्या पोटात तेल असतं. हा फरक लक्षात ठेव, बाकीचं सगळं त्याच्यातून येतं. जेसीबीचा हात वर-खाली होतो ना, त्याला काळे जाड पाइप असतात — होज — ते आपण बनवतो. बनवतो आणि त्यातले आठ-आठ इथं आणून फोडतो. हसतेस काय, खरंच फोडतो! या चेंबरच्या आत भिंतीला आठ होज लावायचे, त्यातून एकशेवीस डिग्रीचं तेल सोडायचं आणि पंपानं ठोके द्यायचे — धड, धड, धड — सेकंदाला एक. दोन लाख ठोके. टिकला तर तसला माल गिऱ्हाइकाला जातो. नाही टिकला तर फुटतो, आणि फुटतो तेव्हा तेल सांडत नाही, ते उडतं. टाचणीएवढ्या भोकातून सगळं धुकं होतं. तुमच्या पांझरा नदीवर थंडीत सकाळी असतं ना, तसं — पण तेलाचं. आणि ते धुकं हीटरच्या कॉइलला लागलं की एका श्वासात सगळी खोली पेटते. एका श्वासात म्हणजे एका श्वासात. मी पाहिलंय.

पाणी? पाणी नाही चालत. घरी कढईतलं तेल पेटलं आणि वरून पाणी ओतलं तर काय होतं? तेच. म्हणून ते बाहेरचे सहा सिलिंडर, गॅसचे. संयम शेठनं बसवले, त्यांच्या वडलांच्या वेळी — भंवरलाल शेठांच्या वेळी — नुसती वाळूची बादली होती. शेठला मी दोष देत नाही, कोणी दिलेला ऐकूनही घेत नाही. गॅस सुटला की खोलीतली हवा बाहेर ढकलतो, आगीला श्वास उरत नाही, वीस सेकंदांत आग विझते. पण दिपमाला, आग जी हवा घेते तीच माणूस घेतो. हे त्या जाड पुस्तकात इतकं सरळ लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगतो. आता ही चावी बघ. डावीकडे ऑटो. ऑटोवर असेल तर छतात दोन डोळे आहेत — एक उष्णता बघतो, तो एकशेऐंशीवर लावलाय म्हणजे रोजच्या तापण्यानं ओरडणार नाही, दुसरा धूर बघतो — दोघं एकदम ओरडले की सायरन, तीस सेकंद, आणि गॅस आपोआप. उजवीकडे मॅन्युअल. आत माणूस जाणार असेल तर चावी मॅन्युअलवर फिरवायची, काढायची आणि खिशात टाकायची. पर्समध्ये नाही, टेबलावर नाही, खिशात. मग सायरन वाजेल, पण गॅस सुटणार नाही. मग गॅस सोडायचा की नाही हे यंत्र ठरवत नाही. ज्याच्या खिशात चावी आहे तो ठरवतो. ते लाल बटण त्याच्यासाठी आहे.

आणि खुणा शीक. पंप चालू असला की इथं कानाला लागून ओरडलं तरी ऐकू येत नाही. अंगठा वर — चालू कर. मूठ — बंद कर. पंजा असा सरळ, समोर — थांब. या तीनच. या काचेतून बघायचं, आतला माणूस काय दाखवतो ते. काच नवीन आहे. दारही नवीन. हीटरचा हा स्विच — दार उघडलं की हीटर बंद, कितीही डोकं लाव, चालूच होणार नाही — हाही नवीन, हा तर आता सीलबंद केलाय. तो भिंतीवरचा बोर्डही नवीन. ‘ऑपरेटरला कळवल्याशिवाय चेंबरमध्ये प्रवेश करू नये.’ वाचलास तू? हो, पंडितमुळे लावला.

कोणी सांगितलं तुला पंडितचं? सेफ्टीच्या साहेबांनी — पहिल्याच दिवशी, ट्रेनिंगमध्ये? फोटो दाखवला का? दाखवला. आणि काय म्हणाले — बारा वर्षं काम केलेला माणूस न सांगता आत गेला, म्हणून… हं. असंच म्हणतात. मार्चमध्ये सुरक्षा सप्ताहातही असंच म्हणाले, मांडवात, सगळ्या कामगारांपुढं, माइकवरून. ‘एका माणसाचा निष्काळजीपणा.’ तिसऱ्या रांगेत त्याची बायको बसलेली होती. कोकिळाताई. पॅकिंगला आहे ती आता, शेठनी जुलैत घेतली कामावर. मान खाली घालून बसली होती, पदराच्या काठाला नुसती घडी घालत होती — घालायची, मोडायची. माझ्या शेजारी बसली होती ती, मधे एक खुर्ची फक्त. त्या दिवशी मी शेठला सांगितलं, मला या पॅनलवरून काढा, दुसरं कोणी बघा. शेठ म्हणाले, आप्पा, तुम्ही दोन वर्षांत रिटायर होणार, थांबा की. म्हटलं नाही. म्हणून तू आलीस.

पण तो असा नव्हता, दिपमाला. पंडित असा नव्हताच. पारोळ्याचा, किल्ल्याच्या मागच्या अंगाला घर. चप्पल काढली तर दोन्ही टाचा एका रेषेत लावून ठेवणारा माणूस. पान्यांना नंबर घातलेले, आत जाताना मोजून न्यायचे, बाहेर येताना मोजून आणायचे. आणि आत पाय टाकायच्या आधी दारात उभा राहून मला ओरडून सांगायचा — अहिराणीत, मुद्दाम — ‘आप्पा, मी मझार शे!’ आत आहे म्हणून. आणि मी चावी हलवून दाखवायची आणि म्हणायचं, ‘मनाजोडे शे.’ माझ्याजवळ आहे म्हणून. तेव्हा आत जायचा. रोज. सहा वर्षं. एकदा मी चेष्टेनं उत्तरच दिलं नाही, तर पठ्ठ्या दहा मिनिटं दारात उभा. म्हणाला, ‘आप्पा, तुम्हना खिसामा मना जीव शे.’ हसत म्हणाला, पण उभाच राहिला. त्या दिवशीही सांगूनच —

काही नाही. पाणी आहे का तुझ्या बाटलीत? दे जरा. मे महिना म्हणजे या शेडमध्ये बाहेरच चेंबर होतं. दे.

बरं. काय म्हणालो मी? — ऐकलंस ना तू. ऐकलंस. चेहऱ्यावरून कळतंय, धुळ्याची माणसं चेहरा लपवत नाहीत. हो. सांगून गेला तो. ‘मी मझार शे’ म्हणाला, मी चावी दाखवली, ‘मनाजोडे शे’ म्हणालो. रिपोर्टमध्ये काय लिहिलंय ते मला माहीत आहे, तो माझ्याच जबानीवरून लिहिलाय. आता सुटलंच तोंडातून तर पूर्ण ऐक. अर्धं ऐकून बाहेर गेलीस तर ते आणखी वाईट.

गेल्या वर्षीचा एप्रिल. गिऱ्हाइकाचा साहेब आला होता टेस्ट बघायला, दोन लाख ठोके डोळ्यांसमोर पूर्ण व्हावे म्हणून. त्याची सातची गाडी होती. मी हिशेब करून दोन दिवस आधीच सकाळी लावलं होतं सगळं, पाचच्या आत दोन लाख होणार. कोणी मागं लागलं नव्हतं माझ्या, हे नीट ऐक. शेठ दुपारी येऊन म्हणालेसुद्धा, आप्पा, आज नाही झालं तर उद्या दाखवू, साहेबाला हॉटेलवर ठेवू. मलाच — मलाच ते पाहिजे होतं. मी आधी दीपनगरला पॉवर स्टेशनात कंत्राटावर होतो, पंधरा वर्षं, आग विझवणाऱ्यांच्या टोळीत. तिथं कोणी नाव विचारलं नाही. इथं मला चेंबरवाले आप्पा म्हणतात. तो साहेब मला म्हणाला होता, तुमच्या चेंबरसारखं चेंबर नाशकातही नाही. झालं. तेवढं पुरलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी, साहेब शेठबरोबर ऑफिसात चहाला गेलेला, एक लाख चौऱ्याण्णव हजारावर, सहा नंबरच्या होजचं कपलिंग — म्हणजे जोड — झिरपायला लागलं. थेंब थेंब. सहा हजार ठोके राहिले होते — पावणेदोन तास. नियम काय? पंप बंद, हीटर बंद, तेल पन्नासच्या खाली येऊ द्यायचं, पंखे लावून खोली मोकळी करायची आणि मग आत जायचं. दीड-दोन तास थंड व्हायला, पुन्हा तेवढेच तापवायला. म्हणजे टेस्ट उद्यावर. पंडित म्हणाला, ‘उद्या करू, आप्पा.’ हो, म्हणाला. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ‘उद्या करू.’ मी म्हटलं, अरे एका मिनिटाचं काम, पाव आटा फिरवायचा, पंप बंद करतो, प्रेशर उतरवतो, हातमोजे घाल, जा आणि ये. त्यानं माझ्याकडं बघितलं. पाना घेतला, चौदा नंबरचा, दारात उभा राहिला. ओरडला. मी चावी दाखवली.

प्रेशरचा काटा शून्यावर होता. पण काटा खोटं बोलतो, दिपमाला, होजच्या पोटात थोडं दबून राहतं. त्यानं पाना फिरवला असेल, कपलिंग सटकलं असेल — मी ते बघितलं नाही, मी तेव्हा ठोक्यांचा आकडा बघत होतो. मला दिसलं ते एकदम काच पिवळी झाली ते. आवाज नाही. लोकांना वाटतं धमाका होतो, तसं नाही, नुसता ‘हुप्प’ असा, गॅसच्या शेगडीला काडी उशिरा लावल्यावर होतो तेवढाच. आणि सायरन.

हीटर का चालू होता? बरोब्बर विचारलंस. तुझ्याआधी हे कोणी विचारलंच नाही, म्हणजे विचारलं, पण… दार उघडलं की हीटर बंद व्हायला पाहिजे होता. तेव्हाही स्विच होता दाराला, साधा. रिपोर्टमध्ये आहे की स्विच आगीत निकामी झाला. हो, जळला तो, पण आधीच… हे बघ, प्रत्येक वेळी दार उघडलं की हीटर बंद, मग पुन्हा चालू करा, पुन्हा तापेपर्यंत तास जातो. दोन वर्षांपूर्वी मी त्या स्विचच्या मागं वीतभर तार जोडली होती. स्विचला वाटावं दार लावलेलंच आहे. सगळीकडे करतात. तुमच्या धुळ्याच्या भट्टीलाही असेल, बघ जाऊन. पंडितला? नाही. पंडितला माहीत नव्हतं. त्याला वाटलं दार उघडलं म्हणजे हीटर बंद. तो पाने मोजून नेणारा माणूस, त्याला माहीत असतं तर त्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला नसता — माझा बाप उभा राहिला असता समोर तरी. कॉइल बंद केली तरी पाच-सात मिनिटं लाल राहते म्हणा. हे मी स्वतःला रोज सांगतो. रोज सकाळी ब्रश करताना सांगतो. बंद असती तरी झालंच असतं. असतं का? मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही.

दारापाशी आग होती. सहा नंबर दाराच्या बाजूला, तेल तिथंच सांडलं होतं. म्हणून तो दाराकडे नाही आला, काचेकडे आला. या काचेकडे. मी इथं, या खुर्चीत नाही, उभा होतो, असा. मधे दोन हात अंतर आणि काच. झाकण उघडलं होतं मी बटणाचं. आणि तिकडं बघ — ती भिंत, जिथून पाइप टाकीच्या खोलीत जातात — त्या भोकातून धूर यायला लागला, पिवळसर. टाकीत दोन हजार लिटर तेल. टाकीच्या पलीकडे नुसता पत्रा, आणि पत्र्याच्या पलीकडे पॅकिंग. बावीस बायका. पॅकिंगच्या मागच्या दाराशी त्या दिवशी खोके रचलेले होते, मीच सकाळी तिथून वळसा घालून आलो होतो. सायरन वाजतोय, पण कोणी उठत नाही, कारण त्या महिन्यात दोनदा उगाच वाजला होता — सवय झाली होती त्यांना. मी ओरडलो. कोणाला ऐकू जाणार? आणि बावीसमध्ये, पत्र्यापासून तिसऱ्या टेबलावर, माझी सारिका. माझी मुलगी. तेव्हा होती ती इथं, आता फेब्रुवारीत लग्न झालं, पिंपळनेरला दिली.

आता तू विचारशील, दार का नाही उघडलं. विचार ना! तपासणीच्या साहेबांनी विचारलं नाही, कारण त्यांना वाटत होतं, पंडित आत आहे हे मला माहीतच नव्हतं. दार उघडलं की हवा आत जाते, आग दुप्पट होते, ती बाहेर येते, बाहेर टाकी. हे मी दीपनगरला शिकलो, हे खरं आहे, कोणालाही विचार. पण तीन पावलं होती, दिपमाला. इथून दार तीन पावलं. मी मोजलीत नंतर, कितीतरी वेळा. ओली गोणी डोक्यावर घेऊन… नाही. मी नाही गेलो. मी इथं उभा होतो, अंगठा बटणावर. किती वेळ? चाळीस सेकंद म्हणतो मी. जास्त असेल.

आणि पंडितनं काचेवर हात ठेवला. असा. सरळ पंजा.

हो. तीच खूण.

थांब म्हणून.

पण तो नुसता काचेला टेकलाही असेल ना? माणूस आगीतून काचेशी आला तर हात कुठं ठेवणार? भिंतीला धरतो तसा धरला असेल. किंवा म्हणत असेल, आप्पा, थांबा, मी येतो दाराकडे, थोडं थांबा. किंवा — मी असंही धरून बसलो होतो काही दिवस — की त्यानं मान हलवली. दाबा म्हणून. बायका आहेत पलीकडे, दाबा. पण मान हलवली असं मला दिसलं नाही. धूर होता. मला पंजा दिसला. चार बोटं, अंगठा, मोज्याचं रबर वितळलेलं. मी दाबलं.

मोठ्या ट्रकचं टायर फुटावं आणि फुटतच राहावं, तसा आवाज होतो गॅसचा. आत सगळं पांढरं. काच आतून गोठली. वीस सेकंदांत पिवळं गेलं, सगळं गेलं, धूर थांबला, टाकीची खोली वाचली. नियम आहे, गॅस सुटल्यावर मास्क लावल्याशिवाय दार उघडायचं नाही, मास्क ऑफिसात कपाटात. मी तसंच उघडलं. हे खरं आहे, हे सगळ्यांनी पाहिलंय. पट्ट्याला धरून ओढला त्याला, अर्धा बाहेर आणला आणि मीही तिथंच पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा बाहेर फरशीवर होतो, सारिका माझ्या तोंडावर पदरानं वारा घालत होती. ‘पप्पा, पप्पा’ करत. तिला बघून मला — मला बरं वाटलं. आधी बरं वाटलं. मग पंडित आठवला. हा क्रम होता.

नऊ दिवस होता तो दवाखान्यात. भाजलं फक्त कोपरांपर्यंत आणि थोडं मानेला. डॉक्टर म्हणाले, भाजण्याचं काही नाही, हे बरं होतं. मेंदूला हवा मिळाली नाही, त्याचं आहे सगळं. कोकिळाताई बाकावर बसून असायची, मी तिच्या शेजारी. तिसऱ्या दिवशी कारखाना तपासणीचे साहेब आले. तिथंच बाकावर विचारलं मला, तिच्या समोर. ‘तो आत आहे हे तुम्हाला माहीत होतं का?’ आणि मी म्हटलं, नाही साहेब. ठरवून नाही म्हटलं, शपथ. तिचा चेहरा समोर होता, आणि तोंडातून निघालं — नाही. मग चावी मॅन्युअलवर का होती? म्हटलं, टेस्टच्या आधी सफाईसाठी ठेवली होती, राहून गेली. मग दार का उघडलं? म्हटलं, दाबल्यावर काचेशी हात दिसला. एकदा नाही म्हटलं की पुढची वाक्यं आपोआप येतात, फार सोपं असतं ते. मला वाटलं पंडित उठेल. खरं सांगतो, मी त्याची वाट बघत होतो. उठेल आणि म्हणेल, ‘आप्पा खोटं बोलतात, त्यांनीच पाठवलं मला.’ रोज सकाळी जाताना वाटायचं आज उठेल आणि मला सोडवेल. तो नाही उठला. कोकिळाताई म्हणते सातव्या दिवशी त्यानं तिचं बोट दाबलं. दाबलं असेल.

आणि तार? तार मी दुसऱ्याच दिवशी सकाळी काढली होती, पोलीस यायच्या आत. पकडीनं. नाल्यात टाकली. तेव्हा तर ठरवूनच केलं, ते आपोआप नाही झालं.

तर असं. कागदावर काय आहे — ‘कामगार पंडित याने ऑपरेटरला न कळवता प्रवेश केला.’ आणि कागदावर मी कोण आहे? पंधरा ऑगस्टला शेठनं शाल दिली मला. बावीस बायका वाचवल्या, शिवाय जिवावर उदार होऊन सहकाऱ्याला बाहेर ओढलं. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. कोकिळाताईनंही. सारिकाच्या लग्नात तिनं सारिकाच्या दोन्ही हातांवर मेंदी काढली, दुपारभर बसून, आणि तिला म्हणाली, ‘तुझे पप्पा आत घुसले म्हणून मला ते नऊ दिवस तरी मिळाले.’ सारिका रडायला लागली. मी मांडवाच्या मागं जाऊन आचाऱ्यावर ओरडलो, उगाच, मीठ कमी आहे म्हणून. आणि तेव्हापासून कोकिळाताई रोज डबा आणते माझ्यासाठी. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी भरीत. माझी बायको गेली चार वर्षांपूर्वी, म्हणून. मी खातो. दिपमाला, मी रोज खातो. नको म्हणायला काय कारण सांगू?

पुन्हा वेळ आली तर दाबशील का, असं विचारतेयस? दाबेन. बावीस बायका होत्या. माझी पोर नसती तरी दाबलं असतं — असं मी म्हणतो. बटणाचं दुःख मला आहे, ते मरेपर्यंत राहील, ते माझं मी बघेन. पण त्याला मी पाठवला. उद्या करू म्हणत असताना पाठवला, तार लपवून पाठवला, आणि तो मेल्यावर त्यालाच निष्काळजी ठरवला. त्याचा पोरगा पारोळ्याला शाळेत आहे, सातवीत. त्याला कोणीतरी म्हणालं म्हणे, तुझा बाप न सांगता घुसला म्हणून मेला. कोकिळाताईनं सांगितलं हे, डबा उघडता उघडता, सहज. ‘मी त्याला म्हटलं, होते चुका, बेटा.’ असं म्हणाली ती. होते चुका. मंगळवारची गोष्ट.

आणि आत माणूस असताना आग लागली तर तू काय करायचं, ते मी तुला शिकवू शकत नाही. पुस्तकातही नाही ते, मी शोधलं. मला एवढंच कळतं की आत जायला नको असेल त्याला पाठवायचं नाही. शेठ म्हणाले, साहेब म्हणाले, मी म्हणालो तरी. तुझ्या खिशात चावी असेल तर ‘उद्या करू’ हे तू म्हणायचं, आतल्या माणसाला म्हणायची वेळ आणायची नाही. रागावतील. रागावू दे.

तू का उठलीस? — जेवायची सुट्टी झाली? घंटा मी ऐकलीच नाही बघ. बरोबर, ते बघ पॅकिंगच्या बायका निघाल्या. आणि ती कडेनं येतेय, हिरव्या पदराची, हातात डबा — तीच. कोकिळाताई. इकडंच येतेय.

घाबरू नकोस, तुझ्यावर काही येणार नाही. तू काही बोलायचं नाहीस, तुझं नावही घेणार नाही मी. फक्त मी उद्या फिरलो ना — म्हातारा माणूस आहे, फिरेन, सांगता येत नाही — मी म्हणालो की मी असं काही बोललोच नव्हतो, तर तेव्हा तू खरं बोल. तेवढं कर. बाकी शेठकडे, साहेबांकडे मी जाईन. पण आधी त्यांच्याकडे नाही. आधी हिला.

जा आता. ऊन आहे, डोक्यावर रुमाल घे. त्या समोरच्या दारानं नको, ती तिथूनच येतेय — मागून जा. आणि ते दार लावू नको, दिपमाला. उघडंच राहू दे. ऐकलं कोणी तर ऐकू दे.